फॉल्टच्या पट्ट्यात खडक नुसता तुटतो की बदलतोही?

फॉल्ट, म्हणजे प्रस्तरभंग, ही जर जमिनीतली भेग असेल तर तिच्या कडेचा खडक फक्त तुटतो की त्याचे स्वरूपही बदलते, असे आपण विचारले आहे. दोन्ही घडते. मात्र आधी भेगेचे चित्र मनातून काढून टाकावे, असे मी सुचवेन. मोठा फॉल्ट म्हणजे बहुधा काही मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत रुंदीचा पट्टा असतो आणि त्यात खडकाचे काय होईल, हे खोली, तापमान आणि पाणी यांवर ठरते.

वरच्या सुमारे दहा किलोमीटरांत खडक ठिसूळ असल्यामुळे तो भरडला जातो. आधी त्याचे कोनदार तुकडे पडतात आणि वारंवार सरकल्याने त्यांचे पीठ होते; या पिठाला गाऊज म्हणतात. त्यात पाणी मुरले की फेल्डस्पारसारख्या खनिजांपासून चिकणमाती तयार होऊ लागते, आणि माझ्या मते खरे महत्त्व या रासायनिक बदलाला आहे. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास फॉल्टमध्ये पार्कफील्डजवळ खोल विंधनविवर घेतले, तेव्हा सुमारे 2.7 किलोमीटर खोलीवर 1.6 आणि 2.6 मीटर रुंदीचे दोन अरुंद पट्टे विवराचे पोलादी अस्तर हळूहळू वाकवताना आढळले. 2007 मध्ये तिथून काढलेल्या नमुन्यांत सॅपोनाइट नावाची अतिशय निसरडी चिकणमाती निघाली. सर्पेंटिनाइट हा मॅग्नेशियमयुक्त हिरवट खडक आणि भोवतालचा खडक यांच्यात पाण्याच्या साहाय्याने झालेल्या अभिक्रियेतून ती बनली आहे. सामान्य खडकांचा घर्षणांक, म्हणजे सरकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, 0.6 ते 0.85 असतो, तर हिचा 0.15 च्या आसपास. म्हणूनच फॉल्टचा तो भाग ताण साठवून एकदम हिसका देण्याऐवजी संथपणे सरकत राहतो.

याहून खोल, सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या पुढे, क्वार्ट्झ हे खनिज न तुटता, घन अवस्थेतच, वाहू लागते, पण फेल्डस्पार अजून कठीणच असते. अशा खडकाला चार्ल्स लॅपवर्थ यांनी 1885 मध्ये ग्रीक भाषेतील गिरणीवरून मायलोनाइट हे नाव दिले. प्रत्यक्षात त्यातील बारीक कण दळण्यापेक्षा पुनःस्फटिकीभवनातून, म्हणजे घन खडकातच नवे बारीक स्फटिक बनण्यातून, झालेले असतात. गढवालमध्ये जोशीमठच्या अलीकडे हेलंगजवळ, मेन सेंट्रल थ्रस्ट या हिमालयातील मोठ्या फॉल्टच्या पट्ट्यात, विद्यार्थी असताना मी असा एक तुकडा हातात घेतला होता: फेल्डस्पारचे पांढरट, डोळ्यासारखे दाणे, त्यांना वळसा घालून गेलेल्या क्वार्ट्झच्या बारीक पट्ट्या आणि प्रत्येक दाण्याला दोन्ही टोकांना निमुळते शेपूट. वरचा खडक कोणत्या दिशेने सरकला, हे त्या शेपटांच्या वळणावरून वाचता येते; तिथे ते दक्षिणेकडचे सरकणे दाखवते.

वितळणे मात्र क्वचितच घडते. मोठ्या भूकंपात सेकंदाला मीटरभर वेगाने खडक घासला गेला, तर काही क्षणांत हजार अंशांहून अधिक उष्णता निर्माण होऊन वितळलेला रस आजूबाजूच्या तड्यांत शिरतो आणि लगेच थिजतो. मिलिमीटर ते सेंटिमीटर जाडीच्या या काळ्या शिरा म्हणजे स्यूडोटॅकिलाइट. एखाद्या जुन्या, झिजून उघड्या पडलेल्या फॉल्टमध्ये कधीकाळी भूकंप झाला होता, याचा इतका थेट पुरावा दुसऱ्या कोणत्याही खडकात सहसा सापडत नाही.