शुगर उतरते तेव्हा आणि रडू येतं तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अकरा वर्षांपासून टाइप १ मधुमेह आहे. चौदा महिन्यांत वडील आणि बहीण दोघंही गेले. आता त्यांच्या नावाने निधी गोळा करून सहा महिन्यांनी फुल मॅरेथॉन धावायची आहे आणि आजवर सलग १० किलोमीटरच्या पुढे गेलेला नाहीत. डॉक्टर या वर्षी हाफ मॅरेथॉन करा म्हणतात. तुम्ही लिहिलंय, 'अर्धंच धावलो तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.'

मला टाइप १ होऊन २३ वर्षं झाली. दोन फुल मॅरेथॉनमध्ये उतरले, पहिल्यांदा भावाच्या नावाने आणि नंतर आईच्या. भावाची मला पूर्ण करता आली नाही. तिच्याबद्दलच आधी सांगते, कारण तुमचं वाक्य तेव्हा माझ्याही डोक्यात होतं.

३१व्या किलोमीटरला मला रडू कोसळलं. हात थरथरत होते, घामाच्या धारा लागल्या होत्या आणि मनात फक्त भाऊ होता. वाटलं, हेच तर बाहेर काढायला आलेय, आता थांबायचं नाही. त्वचेवर लावलेल्या, शुगर मोजणाऱ्या सेन्सरवर ८४ दिसत होतं आणि बाण खाली, म्हणजे शुगर उतरत होती. तो मी पाहिला आणि तशीच पुढे गेले. थोड्या वेळाने एका स्वयंसेवकाने मला दंडाला धरून बाजूला बसवलं. बोटातून रक्त काढून तपासलं तर शुगर ४६ होती. मी त्याच्याशी भांडत होते म्हणे. मला ते आठवत नाही.

थरथर, धडधड, घाम, चिडचिड, रडू, हट्ट. शुगर उतरल्यावर हे सगळं होतं आणि दुःख अनावर झाल्यावरही हेच होतं. शुगर फार खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडतं आणि थांबायचं की नाही हे तर त्याच मेंदूने ठरवायचं असतं. त्यात सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो. धावताना ती वेगाने उतरत असेल तर तो काही मिनिटं मागे राहतो. म्हणजे त्याचं ८४ खरं ८४ असेलच असं नाही. आणि अलीकडेच हायपो (शुगर फार खाली जाणं) होऊन गेला असेल तर पुढच्याची चाहूल आणखी पुसट होते. मागच्या २४ तासांत गंभीर हायपो झाला असेल, तर त्या दिवशी धावायचंच नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: धावताना रडू आलं की आधी थांबायचं आणि बोटातून तपासायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुगर ठीक निघाली तर मग खुशाल रडायचं. दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये अशी दोनदा थांबले. एकदा ६६ निघाली. दुसऱ्यांदा १४२, तेव्हा मात्र ती खरंच आई होती.

ज्याच्या नावासाठी धावतो, ते नाव छातीवर असताना थांबणं फार जड जातं. म्हणून कुठे थांबायचं ते आठवडाभर आधी, शांत डोक्याने कागदावर लिहून काढा आणि सोबत येणाऱ्या माणसाकडे द्या. तो म्हणाला थांब, की थांबायचं. माझ्या कागदावर सुरुवातीचेही आकडे असतात. १२६ ते १८० च्या दरम्यान असेल तर निघायचं, ९० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घेऊन वर येऊ द्यायची. शुगर खूप वर असेल तर रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर वाढणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायचे आणि ते १.५ किंवा जास्त असतील तर निघायचंच नाही. हे आकडे तुमच्या डॉक्टरांसोबत बसून तुमच्यापुरते ठरवून घ्या. मॅरेथॉनच्या सकाळी नुसत्या धाकधुकीनेही शुगर चढते. ती पाडायला घाईने इन्सुलिन घेतलंत, तर पुढच्या तासाभरात तेच अंगावर येतं. मांडीत इंजेक्शन नको, धावताना तिथून ते लवकर शोषलं जातं.

हाफबद्दल मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. १० वरून ४२ वर सहा महिन्यांत जाणारे लोक आहेत. पण आपल्यासाठी प्रत्येक लाँग रन हा एक प्रयोग असतो. बेसल (दिवसरात्र लागणारं पायाभूत इन्सुलिन) किती कमी करायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांतलं आपल्याला किती लागतं, हे २५ किलोमीटरला वेगळं निघतं आणि ३० ला आणखी वेगळं. या नोंदी जमायला वेळ लागतो. त्याआधी डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना आणि हृदय तपासून घ्या. डोळ्यांचं काही निघालं तर आधी ते.

फसवणुकीचं म्हणाल, तर ४२.१९५ हा आकडा आला तो १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला मार्ग तेवढा भरला म्हणून, आणि १९२१ मध्ये तेच अंतर अधिकृत ठरलं. तुमच्या वडिलांनी तो तुमच्याकडे मागितलेला नाही. टेरी फॉक्स कर्करोगात एक पाय गमावल्यावर कॅनडा आडवा धावत निघाला होता. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर, १ सप्टेंबर १९८० ला, रोग फुप्फुसांत पोहोचल्याने त्याला थांबावं लागलं. देशाचं दुसरं टोक त्याने पाहिलं नाही. पण कर्करोगाच्या संशोधनासाठी कॅनडातल्या माणशी एक डॉलर जमवायचा, हे त्याचं स्वप्न फेब्रुवारी १९८१ मध्ये, तो हयात असतानाच पूर्ण झालं.

निधीचंही याच्याशीच नातं आहे. किलोमीटरमागे इतके पैसे, असं कुणाकडून कबूल करून घेऊ नका. माझ्या पहिल्या वेळी तसं होतं आणि ३१व्या किलोमीटरला उरलेल्या अकरांचा हिशोबही मला पुढे ढकलत होता. देणाऱ्यांना आधीच सांगा की मी पोहोचलो नाही तरी रक्कम संस्थेलाच जाईल. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेमार्फत जागा घेत असाल, तर आजारपणामुळे माघार घ्यावी लागल्यास किमान रकमेचं काय होतं, हे लेखी विचारून घ्या. बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे आजार, औषधं आणि घरच्यांचा नंबर लिहा.

धावून झाल्यावरची रात्र लोक विसरतात. स्नायू रिकामे झालेले असतात, ते रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही शुगर ओढत राहतात. झोपण्याआधी काहीतरी खा, रात्रीच्या बेसलबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, पहाटे तीनचा गजर लावा आणि त्या रात्री एकटे झोपू नका. आईच्या मॅरेथॉनच्या रात्री गजर झाला तेव्हा माझी शुगर ६१ होती. बहीण शेजारीच होती. तिने ग्लुकोजच्या गोळ्या हातावर ठेवल्या आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघी अंधारात आईबद्दल बोलत बसलो.