स्वतःचीच पटकथा दिग्दर्शित करताना

प्रश्न : पटकथा माझी, दिग्दर्शनही माझंच. सेटवर रोज काहीतरी बदलावंसं वाटतं आणि युनिट वैतागतं. चुकतं कुठे?

उत्तर : संवाद बदलला म्हणून सहसा कुणी वैतागत नाही. त्यासोबत न सांगता जे बदलतं, त्याचा त्रास होतो. ‘कालच आलो’चं ‘महिना झाला येऊन’ केलंत, की नटाची दाढी, कपडे, कोपऱ्यातली न उघडलेली बॅग, सगळंच बदलतं. आणि लगतचा सीन कदाचित आधीच चित्रित झालेला असतो!

ब्रेकडाउनआधी, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागणार याची यादी करण्याआधी, पटकथा लॉक करा, म्हणजे सीनचे क्रमांक गोठवा. 12 नंतर नवा सीन आला तर तो 12अ. गाळलेल्या सीनचा क्रमांक तसाच ठेवून पुढे ‘रद्द’ लिहा. 13 चा 12 केलात, तर कॉलशीट (कुणी कधी, कुठे हजर राहायचं त्याचा रोजचा कागद), प्रॉप्सची यादी आणि संकलकाकडच्या नोंदी यांचा मेळ बसत नाही. बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर, तारीख घालून, आदल्या दिवशीच सगळ्या विभागांना द्या.

लेखक-दिग्दर्शकाची मुख्य खोड मात्र वेगळी. चित्र डोक्यात स्पष्ट असतं, म्हणून ते कागदावर उतरतच नाही. ‘ती कप आपटते.’ फुटतो का? फुटत असेल तर रीटेकसाठी एकसारखे सहा-आठ कप हवेत, चहा उडणार असेल तर कपड्यांचे जादा जोडही. शेवटचा खर्डा सहायक दिग्दर्शकाला वाचायला द्या आणि त्याच्या शंका लिहून घ्या. तोंडी खुलासा नको. तो पानावरच यायला हवा.

प्रश्न : शंभर पानांना शूटिंगचे किती दिवस धरावेत?

उत्तर : रोज तीन पानं धरली तर चौतीस दिवस. पण पानं फसवी असतात. ‘गर्दीतून वाट काढत ती फलाटावर पोचते’ हा जेमतेम पानाचा आठवा भाग, तरी अख्खा दिवस खातो. टेबलाभोवती आठजण बसले, की प्रत्येकाची नजर जुळवून क्लोजअप घेण्यातच दुपार जाते. उलट बंद खोलीतलं दोघांचं पाच पानी भांडण, तालीम झालेली असेल तर, दिवसात उरकतं.

प्रश्न : निर्माता पटकथा घ्यायला तयार आहे, दिग्दर्शन मात्र दुसऱ्याला देणार म्हणतो.

उत्तर : मग अजून सही करू नका. हक्क एकदा दिलेत की तुमच्या हातात काही उरत नाही. प्रेस्टन स्टर्जेस हा हॉलिवूडचा नावाजलेला लेखक. त्यानं पॅरामाउंटला पटकथा अवघ्या 10 डॉलरला दिली, अट एकच, दिग्दर्शन मी करणार. 1940 मध्ये आलेल्या त्या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. त्याचं नाव आधीच झालेलं होतं, हे विसरू नका. तुमचं नसेल, तर याच पटकथेतला तीन-चार मिनिटांचा सीन चित्रित करून दाखवा. दोन माणसं, एक खोली पुरे. नटांकडून काम कसं काढून घेता, हे निर्मात्याला त्यात दिसायला हवं. ड्रोन शॉट कुणीही विकत आणतो.