बग्गी घ्यायची, पण पेट्रोलची की बॅटरीची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमची सोसायटी बावधनच्या उतारावर आहे. फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंत 900 मीटर अंतर, त्यातला 300 मीटर खडा चढ. ज्येष्ठ सभासदांसाठी सहा आसनी गोल्फ कार्ट घ्यायचा ठराव सभेत मंजूर झाला, पण गाडं अडलंय ते 'गॅस की इलेक्ट्रिक' या मुद्द्यावर. चढाला गॅसची गाडी बरी, असं इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं. एका सभासदाचं म्हणणं, गॅस म्हणजे सीएनजी, तो स्वस्तच पडेल. काय घ्यावं?
— सोसायटीचे सचिव, बावधन

उत्तर : आधी तो गॅस बंद करू. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलिन म्हणतात आणि बोलताना त्याचं 'गॅस' होतं. म्हणजे तिथली 'गॅस कार्ट' ही सरळ पेट्रोलची बग्गी. साधारण 300 ते 400 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, पट्ट्यावर चालणारा स्कूटरसारखा आपोआप गिअर, बस. सीएनजीचा तिच्याशी संबंध नाही. बाहेरून किट बसवून घेण्याच्या भानगडीतही पडू नका. सीटखाली सिलिंडरला जागा नसते, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घेण्याचं लचांड मागे लागतं ते वेगळंच.

आता चढ. सहा माणसं बसलेली बग्गी साधारण 950 किलो भरते. 48 व्होल्टची असेल तर ताशी 12 किलोमीटरने सपाटीवर जाताना ती बॅटरीतून 17-18 अँपिअर ओढते. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तीच गाडी त्याच वेगाला 100 अँपिअरच्या घरात जाते. घोळ होतो तो इथे. लेड-ॲसिड बॅटरीवर लिहिलेली क्षमता वीस तासांत सावकाश रिकामी केल्यावरची असते. शंभर अँपिअरने उपसलं की ती तेवढी देत नाही आणि व्होल्टेजही खाली बसतं. सकाळी झपझप चढणारी गाडी संध्याकाळी रांगायला लागते ती याच कारणाने. मोटर दमलेली नसते.

तुमच्या रस्त्याचा हिशेब मांडला तर वर जाऊन खाली येण्याची एक फेरी 1.8 किलोमीटरची, आणि थांबत-निघत जाण्यासकट तिला पाव युनिट लागेल. 48 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरचा संच कागदावर 7.2 युनिटचा. लेड-ॲसिड टिकवायची तर रोज निम्म्याहून जास्त उपसू नये, म्हणजे हाताशी राहतात साडेतीन युनिट, फार तर चौदा फेऱ्या. उन्हाळा आणि जुनेपणा धरून दहा-बाराच म्हणा. त्याहून जास्त फेऱ्या असतील तर लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) संच घ्या. तो 80 टक्क्यांपर्यंत उपसला तरी चालतो आणि चढावर त्याचं व्होल्टेज फारसं बसत नाही. वजनातही मोठा फरक पडतो. 8 व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या मिळून 170 किलोच्या आसपास भरतात, तर 5 युनिटचा लिथियम संच 50 किलोच्या आतबाहेर. म्हणजे दोन माणसांचं ओझं चढ न चढताच उतरलं.

खर्चाचं बघू. रोज 15 फेऱ्या म्हणजे 27 किलोमीटर. पेट्रोलची बग्गी अशा थांबा-निघा चढात लिटरला 10 किलोमीटर दिली तरी पुष्कळ, म्हणजे रोज 2.7 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर दिवसाला 280 रुपयांच्या वर. बॅटरीला फेऱ्यांचे पावणेचार युनिट आणि चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर 5 युनिट पडतात. युनिटला 10 रुपये धरले तर 50 रुपये. महिन्याला 26 दिवस गाडी चालली तर फरक सहा हजारांचा, वर्षाला 72 हजारांचा. एवढ्या वापरात बॅटरीचा संच बदलण्याचे पैसे त्यातून सुटतात. तुमच्यासाठी इलेक्ट्रिकच, त्यात आमचं दुमत नाही. पण रोज जेमतेम पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला हे गणित लावू नका. तिथे फरक साधारण अकराशे रुपये महिना उरतो, आणि किलोमीटर कमी झाले तरी बॅटरीचं वय वाढायचं थांबत नाही.

विक्रेत्याला मोटर एसी (अल्टरनेटिंग करंटवर चालणारी) आहे का, कंट्रोलरची (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या पेटीची) कमाल अँपिअर मर्यादा किती आणि ब्रेक चारही चाकांना आहेत की फक्त मागच्या, हे विचारा. सहा आसनी गाडी उतारावर वापरायची आणि ब्रेक दोनच चाकांना, असं नको. शिवाय चाचणी शोरूमच्या अंगणात घेऊ नका. गाडी सोसायटीत आणायला सांगा, बॅटरी निम्मी होऊ द्या, सहा माणसं बसवा, चढाच्या मध्यावर थांबा, हातब्रेक ओढा आणि पाय काढा. गाडी जागची हलता कामा नये. मग पुन्हा निघा. निघताना ती हातभर मागे सरकली तर दुसरं मॉडेल बघा.

प्रश्न : आम्ही औंधला राहतो. आई-वडिलांना भाजी, बँक, दवाखाना एवढ्यासाठी दोन किलोमीटरच्या परिघात फिरायचं असतं. गोल्फ कार्ट घेऊन दिली तर रस्त्यावर चालवता येईल का? वेग ताशी 25 च्या वर जात नाही.

उत्तर : नाही. वेग कमी आहे म्हणून सूट मिळत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतून जी वाहनं वगळली आहेत, त्यांत फक्त कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन येतं. बग्गीला नंबरप्लेट लागत नाही ती या आधारावर. फाटकाबाहेर पडली की तो आधार संपला. मग नोंदणी (कलम 39), विमा (कलम 146), चालकाचा परवाना, सगळं लागतं. नोंदणीसाठी त्या मॉडेलला आधी चाचणी संस्थेची मान्यता हवी. आपल्या कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही अशीच एक संस्था. आवारापुरत्या बनवलेल्या बग्गीला ही मान्यता नसते, त्यामुळे आरटीओत खेटे घालून काही होणार नाही. चार चाकं बघून काही जण तिची क्वाड्रिसायकलशी गल्लत करतात, पण तो रस्त्यासाठी मान्यता असलेला वेगळाच वर्ग आहे.

मोठ्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'सार्वजनिक जागा' या शब्दांच्या कायद्यातल्या व्याख्येत, जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा येते. आतला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला असेल, किंवा त्यावरून बाहेरची वाहतूक हक्काने जात असेल, तर तो 'आपल्या आवारातला' राहत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. खरेदीआधी हस्तांतरणाची कागदपत्रं बघून घ्या. आई-वडिलांसाठी म्हणाल तर दोन किलोमीटरला रिक्षा बरी. पार्किंगही शोधावं लागत नाही.

प्रश्न : मुंढव्यातल्या आमच्या संकुलात 48 व्होल्टची बग्गी आहे. बॅटऱ्या अडीच वर्षांतच बसल्या. चार्जिंग आणि पाणी भरणं सुरक्षारक्षक बघतात. विक्रेता म्हणतो, वापर जास्त होता. आमची चूक कुठे झाली असेल?

उत्तर : वापर जास्त होता की नाही ते मीटर सांगेल, पण अशा बहुतेक बॅटऱ्या पाण्याने मरतात. पाणी कमी पडलं तरी, जास्त झालं तरी आणि चुकीचं घातलं तरी.

कमी पडलं तर प्लेटा उघड्या पडतात आणि तेवढा भाग कायमचा वाळतो. जास्तीची चूक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. चार्जिंगच्या वेळी आतलं द्रावण फुगतं. रक्षक संध्याकाळी काठोकाठ पाणी भरून चार्जर लावून जातो, रात्री आम्ल बाहेर येतं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, आणि तो पुन्हा पाणी भरतो. असं महिनोन्‌महिने चाललं की आत आम्ल कमी आणि पाणीच जास्त उरतं. चार्जिंगच्या आधी प्लेटा बुडतील एवढंच पाणी घालायचं. बाकीचं चार्जिंग पूर्ण झाल्यावर, तोंडाच्या आतल्या नळीच्या खालच्या कडेपेक्षा 3 मिलिमीटर खालीपर्यंत. पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचं नाही, टँकरचं नाही, आरओचंही नाही. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून बॅटरीत घालायची पद्धत पुण्यात बरीच आहे. त्यात धूळ आणि कॉइलचा धातू उतरलेला असतो, म्हणून तेही नको. उन्हाळ्यात दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा.

दुसरं कारण म्हणजे अर्धवट चार्जिंग. रात्री अकराला लावलेला चार्जर पहाटे पाचला 'गाडी हवी' म्हणून काढला की शेवटचा टप्पा राहून जातो. रोज असं झालं की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता गेली ती परत येत नाही. लेड-ॲसिडला रोज रात्री पूर्ण चार्ज हवा, त्या दिवशी गाडी दोनच फेऱ्या फिरली असली तरी.

नवा संच घेण्याआधी जुना तपासा, कारण कधी कधी सहातली एकच बॅटरी मेलेली असते. पूर्ण चार्ज करून गाडी रात्रभर उभी ठेवा. 48 व्होल्टच्या चांगल्या संचाचं व्होल्टेज 50.9 च्या आसपास दाखवेल, निम्म्या चार्जला ते 48.5 च्या जवळ येतं. मग हायड्रोमीटरने (आतल्या द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल बघा. भरलेल्या सेलला 1.265 ते 1.280 यायला हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.050 ने खाली असेल तर रोग तिथे आहे. शेवटी माणसं बसवून चढावर नेताना एकेका 8 व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. पाच बॅटऱ्या 7.7 दाखवतात आणि सहावी 7 च्या खाली जाते, तर गुन्हेगार सापडला. पण अडीच वर्षांच्या पाच जुन्यांत एक कोरी नवी घालू नका. जुन्यांच्या चालीने चालता चालता तीही लवकर म्हातारी होते. त्याच वयाची, वापरलेली आणि तपासलेली एखादी मिळाली तर बघा, नाहीतर पूर्ण संच बदला.

टर्मिनलवरची बुरशी काढायला लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरतो. झाकणं घट्ट लावूनच धुवा, सोडा आत गेला तर आम्ल मारतो. काम करताना अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर काय होतं, ते एकदा बघितलेला मेकॅनिक पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळल्याशिवाय हात घालत नाही. आणि चार्जिंगची जागा हवेशीर हवी. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं की ठिणगी पुरते. तळघराच्या कोपऱ्यात, जनरेटरशेजारी चार्जर लावला असेल तर आजच हलवा.

प्रश्न : मुळशीत शेतघर आहे. शनिवार-रविवारी वरच्या बागेपर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत जाण्यापुरती बग्गी हवी. वीज बेभरवशाची आहे.

उत्तर : इथे आमचं मत पेट्रोलकडे झुकतं. पाच दिवस उभी राहणारी लेड-ॲसिड गाडी आपोआप थोडी उतरते, त्यात पावसाळ्यात दोन दिवस वीज नसली तर शनिवारी ती मधेच बसेल. पेट्रोलचा डबा मात्र भरून ठेवता येतो. पण आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतो. मुळशीच्या पावसात ओलीला तोटा नाही. टाकी अर्धी ठेवून गाडी दोन महिने उभी केली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, कार्ब्युरेटरचं जेट चिकटतं आणि इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं. जूनमध्ये गाडी महिनाभरासाठी उभी करणार असाल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. इंधनाची रबरी नळी इथेनॉलला चालणारी आहे का, हेही बघून घ्या.

बऱ्याच पेट्रोल बग्ग्यांमध्ये पॅडल दाबलं की इंजिन सुरू होतं आणि सोडलं की बंद. म्हणजे प्रत्येक थांब्याला स्टार्टर फिरतो. 12 व्होल्टची छोटी बॅटरी आणि स्टार्टरचा पट्टा लवकर झिजतो, दोन्ही जादा ठेवा. ऑइल 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. आणि सीटखालचं वायरिंग दर खेपेला बघा, उंदरांना ते फार आवडतं.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या पडून आहेत. 12 गुणिले 4 म्हणजे 48. बग्गीत घालू का?

उत्तर : बेरीज बरोबर आहे, पण बॅटरी चुकीची. ती पंखे-दिवे आठ-दहा तास सावकाश चालवायला बनवलेली असते, चढावर 100 अँपिअर मागितले की तिचं व्होल्टेज कोसळतं. उंचीला ती बहुतेक बग्ग्यांच्या सीटखाली मावत नाही. सीट उचलून फळी ठोकून बसवलीच, तर पन्नास-साठ किलोचं एकेक धूड खड्ड्यात उसळतं आणि आम्ल थेट कंट्रोलरवर सांडतं. इन्व्हर्टरलाच वापरा.