आधी ओळ, मग आख्यायिका

चि. …,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या लेखमालेचा आराखडा वाचला. रुदकीपासून जामीपर्यंतच्या फारसी कवींवर मराठीत कुणी सलग लिहायला घेतंय, याचा फार आनंद झाला. आता मनात आलं ते मोकळेपणानं लिहितो. तू प्रत्येक लेख एका गोष्टीनं सुरू केला आहेस: फिर्दौसी आणि महमूद गझनवी, हाफिज आणि तैमूर, खय्याम आणि त्याचा प्याला. गोष्टी रसाळ आहेत. पण त्यांतली एकही त्या कवीनं सांगितलेली नाही. ती पहिल्यांदा कुणी लिहिली आणि कवीच्या मागे किती वर्षांनी लिहिली, हे प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर टाकल्याशिवाय पुढं जाऊ नकोस, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे.

फिर्दौसीचंच घे. पन्नास हजारांच्या आसपास बैतांचं (दोन चरणांच्या द्विपदींचं) ‘शाहनामा’ त्यानं १०१० मध्ये पुरं केलं. महमूदानं कबूल केलेल्या सोन्याऐवजी चांदी दिली, कवीनं ती हमामवाल्याला आणि पेयं विकणाऱ्याला वाटून टाकली, पुढं सुलतानाला पश्चात्ताप झाला आणि त्याचे उंट तूस शहराच्या एका वेशीतून आत येत असताना दुसऱ्या वेशीतून कवीची अंत्ययात्रा बाहेर पडत होती, ही कथा तू लिहिली आहेस. तिचा जुना आधार म्हणजे निजामी अरूजी या लेखकाचं ‘चहार मकाला’ हे गद्य पुस्तक. ते फिर्दौसीच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलं गेलं. त्यात त्या उंटांवर सोनं नाहीच, साठ हजार दीनारांची नीळ आहे! नंतरच्या सांगणाऱ्यांनी नीळ काढून सोनं लादलं. तू ज्या पुस्तकातून गोष्ट घेतलीस, त्यातही सोनंच असणार.

मग फिर्दौसीचं खरं दुःख कुठं सापडेल? त्याच्याच ओळींत. राजांच्या कथा सांगता सांगता तो मध्येच थांबतो आणि स्वतःचं बोलतो. एका ठिकाणी तो गारपिटीबद्दल लिहितो: ‘तगर्ग आमद इम्साल बर साने मर्ग’, यंदा गारा मरणासारख्या आल्या, त्यापेक्षा मरण आलं असतं तर बरं झालं असतं. घरात खारवलेलं मांस नाही, सरपण नाही, जव नाही, आणि जवाची कापणी होईपर्यंत काही दिसतही नाही. पीक गेलेल्या शेतमालकाचा हा आवाज ओळखायला मराठी वाचकाला टीप लागणार नाही. दुसऱ्या ठिकाणी, खुस्रो परवेझ या राजाच्या कारकिर्दीचं वर्णन चालू असताना, फिर्दौसीच्या स्वतःच्या मुलाचा मृत्यू येतो. बाप पासष्ट ओलांडलेला, मुलगा सदतीस वर्षांचा. ‘पाळी माझी होती, गेला तो तरुण,’ एवढ्या साध्या शब्दांत तो ते सांगतो. महमूदाची कथा काढून टाक असं मी म्हणत नाही. पण लेख सुरू करायचा तर या दोन जागांपासून कर.

कवी निजामी गंजवीचंही (हा अरूजीहून वेगळा) असंच आहे. त्याच्या ‘खुस्रो-शिरीन’ या प्रेमकाव्यात शिरीनच्या मृत्यूनंतर त्याला आपली बायको आफाक आठवते. ती किपचाक जमातीची, दरबंदच्या राजानं गुलाम म्हणून पाठवलेली. शिरीनचं वर्णन करताना ही माझी आफाकच की काय असं वाटलं, असं तो म्हणतो. त्याच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे थोडं कळतं, त्यातलं सर्वांत जिवंत असं हेच.

मात्र कवी ‘मी’ म्हणाला की ते खरंच घडलं, असंही धरून चालू नकोस. सादी ‘बोस्तान’मध्ये (१२५७) सांगतो की तो सोमनाथला गेला, मूर्तीचा हात वर कसा उठतो याचं गुपित त्यानं शोधलं आणि तिथून पळाला. पण त्या वर्णनात देवळातले पुजारी झेंद-अवेस्ता हा पारशी धर्मग्रंथ वाचणारे आहेत. हिंदू आणि पारशी त्यानं एकात एक मिसळून टाकले आहेत. ज्यानं ते देऊळ पाहिलं, तो असं लिहिणार नाही. सादीला त्या प्रकरणातून आपला मुद्दा सांगायचा होता आणि त्यासाठी त्यानं स्वतःला पात्र केलं. यामुळे सादी मला कमी वाटत नाही. कथा रचण्यातलं त्याचं कसब यात दिसतं. पण ‘सादीचा भारतप्रवास’ हे तुझं उपशीर्षक मात्र काढून टाक.

खय्यामबद्दल तुला धक्का बसेल अशी एक गोष्ट सांगतो. वर ज्याचं नाव घेतलं तो निजामी अरूजी खय्यामला प्रत्यक्ष भेटला होता आणि पुढं निशापूरला त्याच्या कबरीवरही गेला होता. त्याच्या ग्रंथात कवींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. खय्याम त्या प्रकरणात नाही. तो ज्योतिषांच्या प्रकरणात आहे आणि त्याच्या कवितेबद्दल तिथं एक शब्दही नाही. घनसमीकरणांवर ग्रंथ लिहिणारा, १०७९ च्या जलाली पंचांगाच्या कामातला हा गणिती रुबायाही (चार ओळींच्या कविता) करत असेल. पण त्याच्या नावावर आज फिरणाऱ्या शेकडो रुबायांतल्या त्याच्या किती, हे ठरवणं अवघड आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या रूमीच्या वचनांना तर याहून कडक नियम लाव: त्याच्या ‘मसनवी’ या काव्याच्या सहा दफ्तरांपैकी (भागांपैकी) कितवं आणि बैत कोणता, हे सांगता येत नसेल तर ते वचन लेखात घेऊ नकोस.

हाफिज आणि तैमूरची भेट सांगणाऱ्या दौलतशहानं आपला तजकिरा, म्हणजे कवींच्या चरित्रांचा ग्रंथ, १४८७ मध्ये पुरा केला. त्यानं भेटीचं साल हिजरी ७९५ दिलं आहे. हाफिज ७९२ मध्येच, म्हणजे १३९० च्या सुमारास, वारला होता. इथं फार रेंगाळायला नको.

त्यापेक्षा आपल्या जवळची कथा पाहा. दुसऱ्या महंमदशहा बहमनीच्या दरबारातून मीर फजलुल्ला इंजूनं हाफिजला वाटखर्च पाठवून दख्खनला बोलावलं. तो होर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजात चढला, वादळ पाहून उतरला आणि एक गझल पाठवून शिराजला परतला. हे लिहिणारा फरिश्ता लहानपणी अहमदनगरला आलेला, निजामशाहीत वाढलेला आणि पुढं विजापूरला गेलेला इतिहासकार. तोही हाफिजनंतर दोनशे वर्षांनी लिहितो. गझलेत समुद्र आहे, नफ्याच्या आशेनं समुद्राचं दुःख आधी सोपं वाटलं, शंभर मोत्यांसाठीही हे वादळ परवडणारं नाही, असं आहे. दख्खनचं नाव मात्र कुठंच नाही. मला ते निमंत्रण संभवनीय वाटतं, कारण बहमनी दरबार इराणी विद्वानांना बोलावतच असे. जहाजाचा प्रसंग गझलेवरून मागाहून रचला असावा, असं माझं मत. तू दोन्ही बाजू मांड. आपल्याकडच्या दरबारांना हाफिज किती हवासा होता, हे तर या कथेतून निश्चित कळतं.

तुझ्या यादीत एकही स्त्री नाही. शिराजची जहान मलिक खातून घ्यायलाच हवी. हाफिजची समकालीन, इंजू घराण्यातली राजकन्या. तिचा मोठा दिवाण (कवितासंग्रह) टिकला आहे आणि बाईनं कविता का लिहावी याबद्दलची तिची स्वतःची प्रस्तावनाही. आख्यायिकांवाचून, थेट तिच्या शब्दांतून लिहिता येईल असा हा लेख होईल.

आता भाषेचं. अनुवादांवर सगळं बेतू नकोस. लिपी दोन महिन्यांत येते. माधव जूलियनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) मिळव. गझल मराठीत रुजवणारा हा कवी फारसीचा प्राध्यापक होता. आणि वाचताना मोठ्यानं वाच. ‘शाहनाम्या’ची पहिली ओळ म्हणून बघ: ‘ब-नामे खुदावंदे जानो खिरद’. लघु-गुरु-गुरु, तीनदा, मग लघु-गुरु. म्हणजे शेवटचं अक्षर कमी केलेलं भुजंगप्रयात. मनाचे श्लोक पाठ असलेल्या तुला फिर्दौसीची चाल जिभेवर बसवायला एक संध्याकाळ पुरेल.

पहिलं टिपण फिर्दौसीच्या मुलाच्या मृत्यूच्या ओळींवर कर. मूळ ओळी देवनागरीत उतरव, लघुगुरूच्या खुणा कर, खाली तुझा मराठी अर्थ लिही आणि दिवाळीआधी पाठव. मी तपासून परत देईन.

तुझे,
सर