इंग्लंडमधलं ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च खरंच ८४५ सालचं आहे का?

नाही, आज उभ्या असलेल्या ओकच्या भिंती अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, फार तर बाराव्याच्या अगदी सुरुवातीच्या आहेत. पूर्वी पुस्तकांतून ८४५ हेच साल छापलं जायचं, पण १९९५ मध्ये लाकडातली वार्षिक वर्तुळं मोजली तेव्हा झाडं १०६३ नंतर तोडल्याचं निघालं. एसेक्समधल्या या चर्चची भिंत जवळून बघण्यासारखी आहे: उभे चिरलेले ओंडके, सालीकडची गोलाई बाहेर, सपाट बाजू आत आणि तिच्यावर तासणीच्या खुणा. मात्र सगळंच तेवढं जुनं नाही. १८४८च्या दुरुस्तीत ओंडक्यांचे कुजलेले बुंधे कापून खाली विटांचा पाया घातला. वेदीकडचा भाग तर ट्यूडर राजांच्या काळातल्या (१४८५ ते १६०३) विटांचा आहे. त्याखाली १९६०च्या उत्खननात आणखी जुन्या लाकडी इमारतींच्या खुणा सापडल्या, म्हणजे जागा या भिंतींहून जुनी.