उरलेल्या वेळात कथा लिहिणाऱ्या भगिनीस

आपले स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून आलेले पत्र मी दोनदा वाचले. संशोधनाची नोकरी, सासूबाईंची नाराजी, मुलीचे जर्मनमिश्रित मराठी आणि टोपणनाव, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. पण माझे मन अडकले ते पत्राच्या मध्यावर सहज लिहून गेलेल्या वाक्यात. "घर झोपले, की उरलेल्या वेळात मी कथा लिहिते, नेमके काय लिहिते, ते नवऱ्यालाही ठाऊक नाही," असे आपण म्हणता.

परदेशातल्या आपल्या घरांत वेळ उरतो कुठे? स्वयंपाकाला मावशी नाहीत, पाळणाघर संध्याकाळी वेळेवर गाठावे लागते, आणि आजी-आजोबा तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात तेव्हा आनंदाबरोबर कामेही वाढतात. प्रयोगशाळेतल्या पेशींचे मीडिया, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव, बदलायला रविवारीही जावे लागते, असे आपणच लिहिले आहे. त्या पेशींना आपण कधी उरलेला वेळ दिला आहे का? मग कथेनेच तो का घ्यावा? आपली दमणूक मला समजते, परंतु हा अन्याय आपण स्वतः चालवून घेत आहात, हेही सांगायला हवे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. सगळे यातल्या टोपणनावाविषयी बोलतात. मला ते अक्षर अधिक मोलाचे वाटते. त्या घरात नवऱ्याची कथा बायकोपासून लपलेली तर नव्हतीच, उलट तिच्या हातून कागदावर उतरली होती. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. एम. ए.ला सुवर्णपदक मिळवलेल्या या बाईंनी केंब्रिजमध्ये संसार केला, मुली वाढवल्या आणि १९८१ मध्ये पीएच. डी. मिळवली. घर आधी आणि गणित नंतर, हा आपला क्रम त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण १९६६ साली लग्न झालेल्या स्त्रीला जो क्रम पाळावा लागला, तो आपणही न विचारताच का पाळावा?

माझी धाकटी बहीण मँचेस्टरला जीवरसायनशास्त्र शिकवते आणि कथा लिहिते. तिचेही लेखन बरीच वर्षे मध्यरात्रीच चाले, आणि मेहुण्यांना वाटे, की तिला झोप येत नाही. शेवटी आमच्या आईने जावयांना स्पष्ट सांगितले. तेव्हापासून शनिवारची सकाळ तिची झाली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मेहुणे तसे लिहितात आणि मुलांना पोहायला घेऊन जातात. आधी तिच्या कथा अर्ध्यावरच राहत, आता त्या पूर्ण होतात. आपला नवरा समजूतदार आहे असे आपण लिहिता. परंतु न सांगितलेले त्याने समजून तरी कसे घ्यावे?

बाकीच्या प्रश्नांविषयी थोडक्यात. टोपणनाव हवे असेल तर खुशाल ठेवा, मात्र ते घरच्यांपासून लपण्यासाठी नसावे. नोकरीच्या करारात बाहेरच्या लेखनाविषयी काय अट आहे ते वाचा आणि अप्रकाशित निष्कर्ष कथेत आणू नका. सासूबाईंना छापलेली कथा वाचायला द्या. मुलीच्या मराठीची इतकी चिंता नको. तिला आपल्या कथेतला एखादा परिच्छेद वाचून दाखवा.

अर्धी राहिलेली कथा या वर्षीच्या दिवाळी अंकाला द्यायची असेल, तर संपादकांच्या मुदतीपासून मागे मोजत आपले शनिवार ठरवा, आणि ते आज जेवतानाच नवऱ्याला सांगा.