बागेतल्या शंका: ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर आली

प्रश्न: ताई, नाताळात मुलानं फुललेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणलं. फुलं मार्चपर्यंत टिकली. पाऊस लागल्यापासून झाड बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) आहे. रोज पाणी घालते, तरी पानं सुरकुतलीत आणि मुळं कुंडीबाहेर आलीत. मोठ्या कुंडीत माती-शेणखत घालून लावू का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर: मातीचं नाव काढू नका! पहिल्या वर्षी मीही 'बिचारी उघडी पडली' म्हणून बाहेरची मुळं लाल मातीत दाबली होती. महिन्याभरात पान ओढलं तर अख्खं झाडच हातात आलं.

फणसाच्या खोडावरची सीतेची वेणी पाहिलीय ना? तेही ऑर्किडच. मिरगाचा पाऊस थेट तिच्या मुळांवर कोसळतो, तरी ती कुजत नाही. पाणी ओघळून जातं, मागून वारा लागतो. तुमच्या कुंडीत हा वाराच नाही. मुळं कुजली की झाडाला पाणी पिता येत नाही, पानं सुरकुततात, आणि आपण ते पाहून आणखी पाणी ओततो.

एरवी फुलं संपून मुळांना नवी टोकं फुटली की कुंडी बदलावी. कुजलं असेल तर मात्र आजच. झाड उपसून मुळं बोटांनी दाबा. कडक ती जिवंत, मग रंग तपकिरी का असेना. दाबल्यावर साल निसटून आत नुसता दोरा उरला, तर कापा. कात्री आधी आचेवर धरा. मधोमध शेवाळाचा (मॉसचा) घट्ट गोळा सापडेल. विकतच्या झाडात तो बहुतेकदा असतो, आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. तो सगळा काढा. कापलेल्या टोकांनाच दालचिनीची पूड लावा, चांगल्या मुळांना नको, ती सुकतात.

कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच घ्या, भरपूर भोकांची. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवा, पाणी लालसर येईनासं होईपर्यंत बदलत राहा, मग त्यात लाकडी कोळशाचे खडे मिसळा. बाहेरची मुळं बाहेरच राहू द्या. आत बसवायचीच असतील तर वीस मिनिटं भिजवा, कोरडी कटकन मोडतात. झाड डुगडुगत असेल तर काठीला बांधा.

तीन-चार दिवस पाणी नको. नंतर मुळं रुपेरी दिसली तरच घाला, हिरवी असतील तर थांबा. पावसाची झड येणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा, पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. शेणखत आणलंच असेल तर अबोलीला घाला.